गाण्याच्या क्लासातल्या मुलांना दाद कशी द्यावी?

भूपाली (मिरज):

नमस्कार मंडळी. मी मिरजेत घरीच शास्त्रीय गाण्याचा क्लास घेते. गांधर्व मंडळाच्या परीक्षांना बसणारी, प्रारंभिकपासून मध्यमापर्यंतची मुलं आहेत, वयं आठ ते पंधरा. एक प्रश्न बरेच दिवस मनात घोळतोय. इथे गाणारे, शिकवणारे आणि नुसते ऐकणारे असे तिन्ही आहेत, म्हणून इथेच विचारते.

गुरुपौर्णिमेला मुलांचा छोटा कार्यक्रम झाला. त्याचे व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. त्यातला सगळ्यात लहान सहा मिनिटांचा. टाकून मिनिट झालं नाही तोवर खाली 'अप्रतिम', 'निःशब्द', 'मिरजेची भावी गानसम्राज्ञी' आणि टाळ्यांच्या हातांची रांग. सगळ्यांच्या मनात मुलांविषयी चांगलंच आहे, मला कुणाचाही राग नाही. पण त्या शब्दांचं मुलांच्या गाण्यात पुढे काय होतं ते मी रोज समोर बसून बघते, आणि जीव तुटतो.

दोन मुलांबद्दल सांगते. एक मुलगी बारा वर्षांची, गळा उपजत गोड. भूप गायली. आलापात धैवतावर इतकी रेंगाळली की मधूनच देसकार डोकवायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन्ही रागांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूपाचा जीव गंधारात, म्हणजे ग मध्ये, आणि देसकाराचा धैवतात, म्हणजे ध मध्ये. या वयात असं होतंच, त्यात काही बिघडलं नाही. त्याच गाण्यात एका ठिकाणी ती पंचमावरून मींडेनं, म्हणजे आवाज न तोडता अलगद घसरत, गंधारावर उतरली आणि तंबोऱ्यात मिसळून तिथे थांबली. घाई नाही, आवाज दाखवणं नाही. ही जागा मी तिला शिकवलेली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. आणि आपण तिथे काही वेगळं केलं हे तिला कळलंच नाही, कारण लोकांनी पहिल्या सा पासून शेवटच्या तिहाईपर्यंत सगळ्यालाच अप्रतिम म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात मी म्हटलं, 'धैवतावर जरा कमी थांबू या.' तर म्हणाली, 'ताई, पण सगळ्यांना तर आवडलं.'

दुसरा मुलगा तेरा-चौदाचा. आवाज फुटतोय. पूर्वी काळी चारच्या उंच पट्टीत तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत, सहज जायचा, आता पट्टी खाली आणली तरी कधी घोगरा लागतो, कधी निसटतो. कार्यक्रमात तार षड्जाला आवाज चिरकला. खाली उतरल्यावर काका-मावश्या सगळे 'छान झालं हं' म्हणाले. तो कुणाकडे न बघता तंबोऱ्याला गवसणी घालत बसला. तेव्हापासून क्लासला नियमित येतो, पण ओठांतल्या ओठांत गातो. मला वाटतं त्या 'छान झालं'मधून त्यानं ऐकायचं ते ऐकलं: आता याच्याकडून कुणाची काही अपेक्षा उरली नाही.

आमच्या गुरुजींची रीत वेगळी होती. एखादी जागा बरी गेली की ते हात वर करून गाणं थांबवायचे आणि विचारायचे, 'हे काय केलंस? परत घे.' परत घेताना ती बहुधा यायची नाही. मग आम्ही दोघं मिळून ती शोधायचो, कधी अर्धा-अर्धा तास. त्या 'परत घे'साठी आम्ही शिष्य जीव टाकायचो. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही, पण कौतुकाची उणीवही कधी वाटली नाही.

आता एका आईनं मला सरळ विचारलं, 'ताई, तुम्ही कौतुक फार कमी करता, मुलांचा आत्मविश्वास कसा वाढायचा?' तिची काळजी खरी आहे. तर जाणत्यांना विचारते: मुलांच्या गाण्यात नेमकं कशाला दाद द्यावी, कुठल्या शब्दांत? आणि ज्याचा गळाच आज त्याच्या हातात नाही, त्या मुलाला खरं आणि तरीही उभारी देणारं काय सांगू?

लयवेडा (कोल्हापूर):

ताई, मी तबल्याची साथ करतो. गायकाच्या उजव्या हाताला बसून दाद कशी येते आणि कुठे येते हे बघण्यातच माझं आयुष्य चाललंय, तेव्हा तेवढ्यापुरतं सांगतो.

विलंबित एकताल घ्या. मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिटाचं होतं. गायक आवर्तन भरत येतो, नवव्या-दहाव्या मात्रेपासून मुखड्याकडे, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे, वळायला लागतो. ज्याचं लक्ष आहे तो श्रोता तिथेच सरसावून बसतो. आमद, म्हणजे समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येणं, कशी होणार याची त्यालाही गायकाइतकीच ओढ असते. मग मुखडा नेमका येऊन बसतो, माझा समेचा 'धिं' वाजतो आणि त्याच क्षणी त्या माणसाच्या तोंडून 'आहा' जातं. ठरवून नाही हो, जातं. गायकाला त्या एका 'आहा'तून कळतं की अख्खं पाऊण मिनिट हा माणूस माझ्याबरोबर चालत होता. पुढचं आवर्तन तो त्या माणसासाठी गातो. साथीला बसून मला हे स्पष्ट दिसतं, गायकाची बसण्याची दिशासुद्धा किंचित बदलते.

उलट प्रकारही रोज बघतो. समेच्या दोन मात्रा आधीच 'क्या बात है' आलं की समजायचं, या माणसाला दाद द्यायची घाई आहे. त्यानं गायकाचा धागा तुटतो. आणि टाळ्या? तिहाई, तराणा, द्रुत ताना, सवाल-जवाब, इथे हात आपोआप उचलतात. त्यालाही माझी ना नाही, त्यातही आनंद आहे. पण मंद्रातला, खालच्या सप्तकातला एखादा निषाद जागेवर लागला तर टाळी पडत नाही. तिथे एकानं जरी मान हलवली तरी गायकाच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं.

तुम्ही मिरजेच्या, तुम्हाला काय सांगायचं. दर्ग्यात उरुसाला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं चिंचेच्या झाडाखाली सभा होते. समोर बसलेल्यांत किती जणांनी गाण्याची परीक्षा दिलेली असते? पण मी तिथे अशा माणसांकडून दाद ऐकली आहे ज्यांना रागाचं नाव सांगता आलं नसतं. त्यामुळे 'आम्हाला शास्त्रीयातलं काही कळत नाही' असं पालक म्हणाले तर मानू नका. गाणं संपेपर्यंत ऐका, एवढंच त्यांना सांगायचं. ऐकलं की एखादी तरी जागा अडकतेच मनात. तीच मुलीला सांगायची.

त्या मुलाबद्दल. त्याची लय कशी आहे? आवाज फुटण्याचा काळ काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही चालतो, पण तेवढ्यात कान आणि लय थांबून राहत नाहीत. त्याला हातावर ताल धरून बंदिश म्हणू द्या, खालच्या पट्टीत, हळू. झपताल द्या. दहा मात्रा, विभाग दोन-तीन-दोन-तीन, मुलं तिथे हमखास अडखळतात. मुखडा आठव्या मात्रेवरून उचलायचा असेल आणि तो दर वेळी बरोबर उचलत असेल तर त्याला सांगा: 'आठवीवरून तू एकदाही चुकला नाहीस, या वर्गात हे फक्त तुला येतं.' मात्र खरोखर चुकत नसेल तरच. तेरा वर्षांच्या मुलाला खोटं लगेच ओळखू येतं. आणि आवाज फुटतोय हे त्याच्यासमोर उघड बोला. सगळे तो विषय टाळतात म्हणून त्याला ती लाज वाटते.

अनघा_पुणे:

थोडा विरोधी सूर लावते. माझी मुलगी अतिशय लाजाळू. शाळेच्या संमेलनात पहिल्यांदा गायली तेव्हा गाणं साधारणच झालं. आम्ही सगळ्यांनी 'जबरदस्त, भन्नाट' म्हणून तिला डोक्यावर घेतलं. तेव्हा आम्ही 'अमुक ओळ बरी झाली' असं मोजून-मापून बोललो असतो तर ती पुन्हा स्टेजवर चढली असती का? मला शंका आहे. काही मुलांना आधी धक्का लागतो, बारकावे नंतर.

खडूफळा (सातारा जिल्हा):

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. अनघाताईंच्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण नेमका त्यावरच एक प्रयोग झालेला आहे. नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना व्हॅन गॉगच्या एका चित्राची नक्कल काढायला दिली. मग एका चित्रकाराच्या नावानं चिठ्ठी आली. काहींना 'सुंदर चित्र', काहींना 'विलक्षण सुंदर चित्र', काहींना कौतुकाचं काहीच नाही. त्यानंतर मुलांनी पुढचं चित्र निवडायचं होतं, सोपं किंवा अवघड. ज्या मुलांना स्वतःविषयी मुळात कमी वाटत होतं, त्यांना ते 'विलक्षण' मिळाल्यावर ती सोप्या चित्राकडे वळली. साधं 'सुंदर' मिळालेली तशी वळली नाहीत. आत्मविश्वास भरपूर असलेल्यांवर परिणाम उलटा झाला. म्हणजे आपण मोठमोठे शब्द ज्या बुजऱ्या मुलांसाठी राखून ठेवतो, त्यांनाच ते पेलत नाहीत. पुन्हा एवढं विलक्षण जमेल का, या धास्तीनं ती अंग चोरतात. तुमची मुलगी पुन्हा स्टेजवर चढली हा मला खरोखर आनंद आहे. पण तो तुमच्या शब्दांपेक्षा घरच्या आधाराचा परिणाम असावा असं मला वाटतं.

दुसरा प्रयोग जुना आणि पुष्कळांना माहीत असलेला: अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक, १९९८. पाचवीच्या मुलांनी कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळीच अडली. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तर हुशार म्हटलेली मुलं पहिल्यापेक्षा मागे पडली, मेहनतवाली पुढे गेली. मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आपले गुण दुसऱ्या अनोळखी मुलाला लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी पुष्कळांनी ते वाढवून लिहिले. स्तुतीनं त्यांना खोटं बोलायला लावलं.

एक सावधगिरी. यावरून 'नुसती मेहनतीची तारीफ करा म्हणजे सगळं होईल' असा मंत्र निघाला, तो मला पटत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवर ड्वेक यांच्या विचाराची मोठी चाचणी झाली, त्यात मागे पडलेल्या मुलांना फायदा दिसला खरा, पण लहानसा. आणि मेहनत घेतलीच नसेल त्याला 'किती मेहनत घेतलीस' म्हणणं हेही पोकळच.

आता आमच्याकडचं. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकानं वर्णनात्मक नोंदी करायच्या. मला ही कल्पना फार आवडली होती, अजूनही आवडते. पण पटावर चाळीस-पन्नास मुलं, वर इतर कामांचा ढीग, त्यामुळे तयार नोंदींच्या याद्या फिरायला लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'स्वच्छतेबाबत दक्ष असतो.' 'दैनंदिन व्यवहारात गणिती क्रियांचा वापर करतो.' चांगल्याच ओळी आहेत सगळ्या. पण प्रगतिपत्रकावरचं नाव झाकलं तर ही नोंद आपल्या लेकराची आहे हे आईलाही ओळखता येणार नाही.

म्हणून मी सत्राला प्रत्येक मुलाची एक तरी नोंद अशी करतो जी दुसऱ्या कुणाला लागू पडूच शकत नाही. त्यासाठी आठवड्याला चार-पाच मुलांकडे मुद्दाम लक्ष ठेवावं लागतं आणि खिशात वही ठेवावी लागते. एका मुलीबद्दल लिहिलं होतं: 'हातचा घेतला की आता वर खूण करते, म्हणून शून्यातून वजा करताना अडत नाही.' तिची आई ऊसतोडीहून परतल्यावर प्रगतिपत्रक न्यायला आली. तिला वाचता येत नाही. ती ओळ तिनं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली आणि म्हणाली, 'म्हंजे गुरुजी, तुम्ही तिच्या वहीकडं बघता.'

सुमनआजी (डोंबिवली):

भूपालीताई, मी दोन नातवंडांची आजी आहे. तुम्हा सगळ्यांचं वाचलं, पटलंही. पण आमच्या 'किती गोड गातं गं माझं बाळ'ला तुमच्या हिशेबात धरू नका, एवढी विनंती. ते गाण्याला नसतंच. बाळ आहे, आपल्यासमोर बसलंय, गातंय, त्याचा तो आनंद आहे. मुलांनाही हा फरक कळतो. माझी नात मला गाणं म्हणून दाखवते, पापा घेते आणि मग विचारते, 'आजी, आता खरं सांग.' मग मी खरं सांगते. शब्द खाल्लेस, दुसरं कडवं घाईत म्हटलंस, किंवा आज श्वास कुठे घेतलास ते कळलं नाही, फार छान. त्या 'आता खरं सांग'साठी आधीची माया लागते. ज्या घरात ती मिळत नाही तिथलं मूल तुमच्याकडे दोन्ही मागतं. तुमच्या त्या मुलाच्या घरी काय आहे ते एकदा जाऊन बघा.

जवारी:

मी सतारमेकर गल्लीतला, घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्याचं काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा हार-तुरे, फोटो पुष्कळ झाले. अभिमान वाटला. पण कारागिराला काय धरून ठेवतं ते सांगतो.

जवारी काढायची म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसून असा आणायचा की तार त्यावर लांबवर घासून बोलली पाहिजे. कणभर जास्त गेलं तर आवाज बंद होतो, कमी राहिलं तर तार नुसती झणझणते. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा शोधायची. तासन्‌तासाचं काम, आणि ते सगळं कानावर. गिऱ्हाईक येतं, दोन वेळा छेडतं, 'वा, मस्त' म्हणतं, पैसे देतं. चांगलं गिऱ्हाईक. पण एक बाई येतात, गाणाऱ्या. भिंतीला टेकून, डोळे मिटून बराच वेळ छेडत बसतात. मग म्हणतात, 'जोडीच्या तारा अगदी एकजीव झाल्यात, खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतोय. पंचम तेवढा अजून बंद आहे.' मी पुन्हा कानस घेतो आणि त्या दिवशी जेवायचं विसरतो. त्यांनी चूक काढली याचं वाईट वाटतच नाही. खर्जातून गंधार यावा म्हणूनच तर मी दिवसभर बसलेलो असतो, आणि तो ऐकणारं कुणीतरी आलं.

मुलांना गाताना ऐकणारा एक तरी माणूस असा हवा.

भूपाली (मिरज):

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला.

जवारीदादा, तुम्ही आमच्या शेजारच्याच गल्लीतले निघालात. क्लासचे दोन तंबोरे आहेत, मुलांना घेऊनच येईन. दोरा कसा सरकवतात आणि गंधार कसा उमटतो ते त्यांनी बसून ऐकलेलं मला हवं आहे. ज्यांनी तो ऐकला त्यांना भूपातला गंधार वेगळा सांगावा लागणार नाही.

लयवेडादादा, झपताल दिला. तुमचा अंदाज खरा ठरला, मुलगा लयीला पक्का आहे. बाकीची मुलं तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात सुटली, हा आठवीवरून बरोबर उठत राहिला. मी तसं सांगितलं, तर लगेच मान्य केलं नाही. 'ताई, एकदा उशीर झाला होता,' म्हणाला. झाला होता, मलाही ऐकू आला होता. मग मी म्हटलं, 'हो, पाचव्या आवर्तनात. बाकी सगळी बरोबर.' त्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला आणि दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, करू का म्हणून विचारलं. आवाज फुटण्याबद्दलही सगळ्या वर्गासमोर बोलले, पुढे तुमच्यातल्या बाकी मुलांचंही होणार आहे म्हणून सांगितलं. गळा अजून दबूनच लावतो. त्याला वेळ लागेल.

खडूफळा सर, तुमची वही मी उचलली आहे. प्रत्येक मुलाचं पान केलं. भूप गाणाऱ्या मुलीच्या पानावर ती पंचमावरून गंधाराची उतरण लिहिली आणि तिला व्हिडिओतली ती जागा काढून दाखवली. तिनं ती परत घेतली, आली नाही. पुन्हा घेतली. आता तिचा सगळा रियाझ त्या एका जागेभोवती फिरतोय आणि धैवताचा प्रश्न आपोआप मागे पडायला लागला आहे, कारण थांबायचं कुठे हे तिलाच सापडलं.

अनघा, तुझा मुद्दा मी सोडून दिलेला नाही. नवीन आलेल्या अगदी लहान मुलांना पहिले काही आठवडे मीही नुसतं हसून, पाठीवरून हात फिरवून बसवते. तिथे सुमनआजींचं म्हणणं मला सगळ्यात जवळचं वाटलं. आणि आजी, त्या मुलाच्या घरी रविवारी जाते आहे.

पालकांच्या गटावर एकच निरोप टाकला: व्हिडिओ शेवटपर्यंत ऐका आणि आवडलेली जागा मिनिट-सेकंदासह लिहा. पहिल्या दिवशी कुणीच काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री एका रिक्षावाल्या वडिलांनी लिहिलं, '३ मिनिट २० सेकंद. इथं पोरीनं डोळे मिटले.' ते त्यांच्या मुलीबद्दल नव्हतं, दुसऱ्याच मुलीबद्दल होतं. त्यानंतर आणखी तिघांनी लिहिलं.

लयवेडादादा, आता एक विनंती. मुलांना दाद द्यायलाही शिकवता येईल का? म्हणजे समेची वाट बघत ऐकायचं कसं, ते. शनिवारी संध्याकाळी तासभर फक्त ऐकण्याचा वर्ग ठेवायचा विचार आहे. तुम्ही तबला घेऊन एकदा मिरजेला आलात तर विलंबित एकतालापासून सुरुवात करावी की मुलांना आधी मध्यलय तीनताल ऐकवावा, हे ठरवता येईल.

लयवेडा (कोल्हापूर):

मध्यलय तीनताल. सोळा मात्रा, 'खाली', म्हणजे टाळी न देता हात उघडायची मात्रा, नववीवर, मुलांना हातावर धरता येते. विलंबित दिवाळीनंतर. येत्या शनिवारी माझा कार्यक्रम आहे, त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारच्या गाडीनं येतो. त्या मुलाला माझ्या शेजारी बसवा.